थ्रेड : जन्मापासून आकाशातून पाहिले गेलेले शहर

बहुतेक शहरांचे बालपण इतिहासकाराला दिसत नाही. शहर मोठे होते, त्याला महत्त्व येते, आणि मग कोणीतरी जुनी दफ्तरे, ताम्रपट, प्रवासवर्णने, नकाशे यांतून त्याच्या आरंभाचा शोध घेऊ लागतो. पुण्याचे असेच झाले, मुंबईचेही असेच झाले. नवी मुंबईची गोष्ट वेगळी आहे. १७ मार्च १९७० रोजी ‘सिडको’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर उभारण्याचे काम तिच्याकडे आले. त्यानंतर अडीच वर्षेही उलटली नव्हती, तोच २३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने पृथ्वीच्या भूभागाचे नियमित चित्रण करण्यासाठी पहिला नागरी उपग्रह सोडला. पुढे त्याला ‘लँडसॅट-१’ हे नाव मिळाले. म्हणजे या शहराचा पहिला पूल, पहिला रस्ता, पहिली वसाहत उभी राहत असताना वरून एक डोळा त्याच्याकडे पाहत होता.

मुंबई परिसराच्या विस्तारावरील अनेक अभ्यास १९७३ च्या प्रतिमेपासूनच सुरू होतात, त्याचे कारण हेच.

प्रश्न असा, की त्या डोळ्याने नेमके काय पाहिले? आणि जे पाहिले त्याला इतिहासाचे साधन म्हणून किती मान द्यावा?

मराठी इतिहासलेखनाला हा प्रश्न परका नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली, तेव्हा त्यांचा सारा भर अस्सल पत्रांवर होता. बखर ही घटनेनंतर, कोणाच्या तरी सांगण्यावरून, कशासाठी तरी लिहिलेली असते. पत्र त्या क्षणाचे असते. उपग्रहाच्या प्रतिमांनाही हीच कसोटी लावता येते. मात्र त्यासाठी ती प्रतिमा तयार कशी होते, हे आधी समजून घ्यावे लागते.

लँडसॅट-१ वर दोन उपकरणे होती. त्यांतले मुख्य मानले गेलेले उपकरण दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासारखे होते आणि त्यावरच शास्त्रज्ञांचा भरवसा होता. दुसरे, ‘मल्टिस्पेक्ट्रल स्कॅनर’, प्रयोग म्हणून सोबत धाडलेले. ह्यूज कंपनीतील अभियंत्या व्हर्जिनिया नॉरवुड यांनी त्याची रचना केली होती. त्यातला एक आरसा सेकंदाला सुमारे १३ वेळा डुलत असे आणि खालच्या जमिनीवरून परतणारा प्रकाश टिपत जाई. अंतराळात हलणारा आरसा टिकणार नाही, अशी शंका अनेकांना होती. प्रत्यक्षात उलटेच घडले. भरवशाचा कॅमेरा दोन आठवड्यांतच विजेच्या बिघाडामुळे बंद करावा लागला आणि डुलणारा आरसा पुढे कित्येक वर्षे काम करत राहिला. पुढील अर्धशतकातील भूनिरीक्षणाची परंपरा याच आरशापासून सुरू झाली.

हा आरसा छायाचित्र काढत नसे. तो आकडे नोंदवत असे. जमिनीचा एकेक तुकडा घ्यायचा आणि त्यावरून हिरवा प्रकाश किती परतला, लाल किती, आणि माणसाच्या डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश दोन पट्ट्यांत किती, याची नोंद करायची. असे चार आकडे म्हणजे एक पिक्सेल. निरोगी हिरवे पान लाल प्रकाश शोषते आणि अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. पाणी अवरक्त जवळजवळ पूर्ण गिळते. काँक्रीट, डांबर, कोरडी माती यांचे वागणे या दोघांच्या मधले. या फरकांवरूनच खाली काय आहे याचा अंदाज बांधला जातो. चित्र तयार करताना अवरक्ताला लाल रंग देण्याचा प्रघात पडला, म्हणून जुन्या लँडसॅट चित्रांत जंगल आणि कांदळवन रक्तासारखे लाल दिसते, खोल पाणी काळे आणि शहर निळसर राखाडी.

आता १९७३ च्या सुमाराचे ठाणे खाडीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. पश्चिमेला मुंबईचा राखाडी पट्टा, दक्षिणेच्या टोकाला दाट आणि उत्तरेकडे विरळ होत गेलेला. मधे खाडीचे गढूळ पाणी. खाडीच्या दोन्ही काठांवर कांदळवनाची लाल किनार. पूर्वेला ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांचे काही ठिपके, त्यामागे पारसिकच्या डोंगराची रांग. आणि या सगळ्याच्या मधे, बेलापूरपासून पनवेल-उरणपर्यंत पसरलेला, फारसा रंग नसलेला फिका प्रदेश. त्यात कुठे चौकोनी चकाकते तुकडे. याच प्रदेशात पुढे शहर उभे राहिले. अनोळखी माणसाने हे चित्र पाहिले तर तो सहज म्हणेल : इथे काहीच नव्हते.

चित्राने केलेली पहिली फसवणूक ती हीच.

तो फिका प्रदेश भाताचा होता. खारपट्टा म्हणजे खाडीचे पाणी मातीच्या बांधांनी अडवून, पिढ्यान्‌पिढ्या ते बांध राखून, पावसाच्या गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढत तयार केलेली शेतजमीन. तिच्यात भाताचे एकच पीक, तेही पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर हा सारा प्रदेश गच्च हिरवा असतो आणि नेमके याच काळात कोकणावर ढगांचे छत असते. लँडसॅटचा डोळा ढगांच्या पलीकडे पाहू शकत नाही. त्यामुळे उपयोगात आणता येतील अशा जवळजवळ सर्व प्रतिमा नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांतल्या आहेत, म्हणजे कापणी उरकल्यानंतरच्या. उपग्रहाने हा प्रदेश हिरवा असताना क्वचितच पाहिला. जो शेतकरी आपले शेत वर्षातून चार महिने हिरवे पाहत होता, त्याच्या शेताची अंतराळातील नोंद मात्र वर्षानुवर्षे ‘उघडी जमीन’ अशी होत राहिली.

चौकोनी चकाकते तुकडे म्हणजे मिठागरे. ‘आगरी’ हे समाजनाम ‘आगर’ या शब्दाशी जोडले जाते, तो आगर हाच. आगरी, कोळी आणि कराडी समाजाची गावे या खारपट्ट्यावर, मिठावर आणि खाडीवर जगत होती. भरती ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या मिळत, खाजणात कोळंबी मिळे. त्या चिखलालाही उपग्रहाने एक आकडा दिला. तो आकडा भरतीला वेगळा, ओहोटीला वेगळा. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील फरक चार मीटरहून अधिक असतो. उपग्रह मात्र ठरलेल्या दिवशी, सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास वरून जाणार. त्या वेळी भरती असली तर चिखलपट्टा पाण्यात जमा, ओहोटी असली तर जमिनीत. दोन प्रतिमांची घाईने तुलना करणाऱ्याला भराव न टाकता जमीन वाढलेली किंवा कोणी न बुडवता बुडालेली दिसू शकते.

या सगळ्याला नाव देण्याचा प्रश्न १९७० च्या दशकात अमेरिकेतही उभा राहिला. १९७६ साली जेम्स अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी भूगर्भीय सर्वेक्षण संस्थेसाठी एक वर्गवारी प्रसिद्ध केली. शहरी जमीन, शेती, वन, पाणी, पाणथळ, उजाड जमीन असे तिचे वरच्या पातळीवरील वर्ग होते. जगभरचे भूवापर नकाशे कमी-अधिक फरकाने अजूनही हाच साचा वापरतात. या वर्गवारीच्या मुळाशी दोन कल्पना आहेत : भूआच्छादन आणि भूवापर. जमिनीवर काय पसरले आहे ते आच्छादन. माणूस तिचा काय उपयोग करतो तो वापर. उपग्रहाला फक्त आच्छादन दिसते. गवत दिसते, पण ते गुरचरण आहे की क्रिकेटचे मैदान, हे दिसत नाही. वापर हा अभ्यासकाने काढलेला निष्कर्ष असतो. आपल्याकडे मात्र नकाशावर सर्रास ‘भूवापर’ असे छापले जाते आणि निष्कर्षाला पुराव्याचा दर्जा मिळून जातो.

राजवाड्यांच्या भाषेत मांडायचे तर पिक्सेलमधले चार आकडे हे अस्सल पत्र आहे. त्यावरून रंगवलेला नकाशा ही बखर आहे. बखर टाकाऊ असते असे नाही, पण तिचा कर्ता कोण आणि त्याने कोणत्या शब्दांत लिहिले हे विचारावेच लागते.

‘पडीक’ या एका शब्दाचेच पाहा. ब्रिटिशांच्या महसुली व्यवस्थेत जी जमीन सारा देत नाही ती पडीक, असा हिशेब होता. त्या जमिनीवर कोणाची गुरे चरतात, कोण मासे पकडतो, याला त्या रकान्यात जागा नव्हती. २००० साली उपग्रह प्रतिमांच्या आधारे भारतातील पडीक जमिनींचा पहिला मोठा नकाशासंग्रह निघाला. त्यातील वर्गांत दलदलीची जमीन होती, क्षारयुक्त जमीनही होती. साधन विसाव्या शतकाच्या अखेरचे आणि शब्द एकोणिसाव्या शतकाचा, असा हा संकर होता.

आता शहराकडे परत येऊ. खाडीपलीकडे मुंबईची वाढ वळवावी ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली होती. बेटाच्या दक्षिण टोकाला गर्दी करण्यापेक्षा शहराला पूर्वेकडे तोंड करू द्यावे, सरकारी कार्यालये आणि बंदर पलीकडे न्यावे, असा विचार. सरकारने कल्पना स्वीकारली. कार्यालयांचे स्थलांतर मात्र झाले नाही. त्याच दशकात नरिमन पॉइंटच्या भरावावर नवे मनोरे चढत राहिले. नवे शहर ३४४ चौरस किलोमीटरवर आखले गेले. त्यात ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन येत होती.

पुढची चित्रे एकामागून एक लावली की शहराच्या आगमनाचा क्रम दिसतो. १९७३ मध्ये वाशीचा पूल खुला झाला, एक बारीक रेघ. मग वाशीचे चौकोन. न्हावा-शेव्याच्या किनाऱ्यावर भराव, आणि १९८९ पासून तिथे बंदर. १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला उपनगरी रेल्वे आली, त्यानंतर सानपाडा, नेरुळ, बेलापूर, खारघर. राखाडी रंग रेल्वेच्या रुळांना धरून पसरत जातो. रेल्वे येण्याआधीची वीस वर्षे शहर रांगत होते आणि नंतर धावू लागले, ही गोष्ट शब्दांत सांगायला परिच्छेद लागतो. चित्रांत ती एका नजरेत कळते. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या ११ लाखांच्या पुढे गेली होती. वाढ कोणत्या दिशेने, कोणत्या वेगाने आणि कशाच्या मागोमाग झाली, या प्रश्नांवर उपग्रहाइतका चांगला साक्षीदार इतिहासकाराला क्वचितच मिळतो. नियोजनाचा आराखडा काय घडावे ते सांगतो, उपग्रह काय घडले ते सांगतो, आणि दोन्ही शेजारी ठेवले की सरकारी अहवालांतील पुष्कळ मजकूर आपोआप गळून पडतो.

पण याच मालिकेत एक मोठी घटना आहे, जिची एकाही चित्रात खूण नाही.

संपादित जमिनीच्या मोबदल्यावरून खारपट्ट्यातील शेतकरी वर्षानुवर्षे लढत होते. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील त्यांचे पुढारी होते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी जासई-दास्तान फाटा आणि न्हावा-शेवा परिसरात आंदोलक आणि पोलीस समोरासमोर आले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या काळात संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे धोरण आकाराला आले. नवी मुंबईत १९९० पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. महाराष्ट्रातील भूसंपादनाच्या इतिहासात हा टप्पा मोठा मानला जातो.

त्या दोन दिवसांपैकी एखाद्या सकाळी उपग्रह नेमका जासईवरून गेला असता, तरीही काही दिसले नसते. एक साधा हिशेब करून पाहावा. पहिल्या लँडसॅटचा पिक्सेल सुमारे ७९ मीटर लांब आणि ५७ मीटर रुंद, म्हणजे साधारण ४५ गुंठ्यांचा. त्याहून लहान जे काही असेल ते त्या पिक्सेलच्या सरासरीत विरघळून जाते. बांधावरचे भांडण, शेताची वाटणी, गावठाणातील घर, सारे त्या सरासरीत. १९८२ पासूनच्या लँडसॅटवर ३० मीटरचा पिक्सेल आला, म्हणजे सुमारे ९ गुंठे. आता एक एकर, म्हणजे ४० गुंठे जमीन गेलेला शेतकरी घ्या. साडेबारा टक्क्यांच्या हिशेबाने त्याला ५ गुंठे परत मिळायचे, आणि सार्वजनिक सोयींची वजावट झाली की त्याहूनही कमी. ज्या तुकड्यासाठी माणसे गोळ्यांना सामोरी गेली, तो तुकडा सुधारलेल्या उपग्रहाच्याही एका पिक्सेलमध्ये मावून उरतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर नाव, हिस्सा, गट क्रमांक, पीक, बोजा, सगळे असते. पिक्सेलमध्ये मालक नसतो.

म्हणून इथल्या इतिहासासाठी दोन्ही कागद लागतात.

बंदरासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्याचेही असेच. तेथील कुटुंबांना उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसवण्यात आले. पुढे त्या घरांना वाळवीने पोखरले आणि पुनर्वसनाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. उपग्रहाच्या नकाशात मात्र ‘उघडी जमीन’ जाऊन ‘बांधकाम’ आले, एवढीच नोंद. वर्ग बरोबर आहे. घर आत राहण्याजोगे आहे की नाही, हा रकाना वर्गवारीत नाही.

साधनाचा स्वतःचाही इतिहास असतो. सुरुवातीच्या वर्षांत भारतावरील प्रतिमा उपग्रहातील टेप रेकॉर्डरवर साठवून दूरच्या भूस्थानकावर उतरवाव्या लागत, त्यामुळे त्या मोजक्याच आहेत. १९७४ साली हैदराबादेत राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्था उभी राहिली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शादनगरच्या भूस्थानकावर लँडसॅटचे संकेत थेट उतरू लागले. १९८० च्या दशकात अमेरिकेने हा कारभार खासगी कंपनीकडे सोपवला आणि एका प्रतिमेची किंमत चार हजार डॉलरच्या वर गेली. विद्यापीठातील संशोधकाने वीस वर्षांची मालिका विकत घेणे ही तेव्हा कल्पनेतली गोष्ट होती. दोन तारखांची दोन चित्रे घ्यायची आणि मधल्या काळाबद्दल तर्क करायचा, अशीच त्या काळातील संशोधनाची पद्धत दिसते. ती दारिद्र्यातून आलेली आहे.

भारताने दरम्यान आपला मार्ग शोधला होता. पिशारोथ रामा पिशारोटी यांनी १९७० च्या सुमारास केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रे घेऊन नारळाच्या मुळांवरील रोग शोधण्याचा प्रयोग केला. भारतीय सुदूर संवेदनाचा आरंभ तिथपासून मोजतात. १७ मार्च १९८८ रोजी, म्हणजे योगायोगाने सिडकोच्या अठराव्या वर्धापनदिनी, भारताचा नियमित वापरासाठीचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए बैकोनूरहून आकाशात गेला. १९९५ च्या आयआरएस-१सी वरील कॅमेरा ५.८ मीटरपर्यंत पाहू शकत असे. त्या वेळी जगातील कोणत्याही नागरी उपग्रहाची नजर इतकी तीक्ष्ण नव्हती. नवी मुंबईतील गल्ल्या या टप्प्यावर दिसू लागल्या.

आणि २००८ साली अमेरिकेने लँडसॅटचे संपूर्ण संग्रहालय सर्वांसाठी विनामूल्य खुले करण्याचा निर्णय घेतला. दफ्तरखान्याचे कुलूप काढावे तसे झाले. आज शिवडीच्या एखाद्या खोलीत बसलेला विद्यार्थी अर्ध्या तासात खाडीची पन्नास वर्षे डोळ्यांखालून घालू शकतो. त्यात पाने फाटलेलीही सापडतात : ३१ मे २००३ रोजी लँडसॅट-७ चा एक भाग निकामी झाला आणि तेव्हापासून त्याच्या प्रत्येक प्रतिमेतील सुमारे २२ टक्के भाग काळ्या पट्ट्यांत हरवलेला आहे. वाळवी लागलेल्या मोडी रुमालावर काम केलेल्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल.

या साधनाने केवळ इतिहास लिहिला गेला असे नाही. त्याने न्यायालयातही साक्ष दिली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीने मुंबईला आपल्या बुजवलेल्या पात्राची आठवण करून दिली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला, कांदळवनांच्या तोडीविरुद्धच्या एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडीला मनाई केली आणि मुंबई व नवी मुंबईतील कांदळवनांचे उपग्रहाच्या साहाय्याने नकाशे करण्याचा आदेश दिला. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे ते काम आले. सरकारी जमिनीवरील कांदळवनांना पुढे संरक्षित वनाचा दर्जा मिळाला. ‘इथे कांदळवन कधी नव्हतेच’ हा युक्तिवाद करणाऱ्यासमोर आता जुन्या तारखेची प्रतिमा ठेवता येऊ लागली. प्रतिमेवर दिनांक असतो आणि दिनांकाला घाबरणारे लोक फार असतात.

मात्र इथेही लाल रंग पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही. ठाणे खाडीच्या काही भागांत गेल्या काही दशकांत कांदळवन वाढलेले दिसते. वर्गवारीच्या हिशेबात ही वनवाढ. जमिनीवर पाहिले तर खाडीत गाळ साचून चिखलपट्टे उथळ झाले आणि त्यांवर झाडे चढली. रोहित पक्षी चरतात ते त्या चिखलात, झाडांत नव्हे. निवटीही तिथेच मिळत असे. एकाच बदलाला वनखाते, पक्षिमित्र आणि कोळी तीन वेगळी नावे देतील, आणि पिक्सेल तिघांनाही दुजोरा देईल.

सर्वांत अलीकडच्या चित्रांत नजर जाते ती पनवेलच्या पश्चिमेला. तिथे सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी होती. उपग्रह सरळ वरून पाहतो, त्याला उंची कळत नाही, पण हिवाळ्यातील सकाळच्या तिरप्या उन्हात टेकडीच्या वायव्येला तिची सावली पडते. जुन्या प्रतिमांत ती सावली दरवर्षी दिसते. २०१७ नंतर टेकडी उतरवली जाऊ लागली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि प्रतिमांतून ती सावली नाहीशी झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या पश्चिमेला, खाडीवर, जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूची रेघ आहे. वाशीच्या पहिल्या रेघेपासून तिच्यापर्यंत ५१ वर्षे झाली.

विमानतळाच्या जागेवरून गावे उठली. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे ही त्यांतली काही नावे. १९७३ च्या प्रतिमेत ही गावे शोधायला गेल्यास काही पिक्सेल आजूबाजूच्या पिक्सेलांहून किंचित वेगळे आढळतात, गावठाणातल्या झाडांमुळे. सर्वेक्षण विभागाचा जुना नकाशा शेजारी ठेवल्याखेरीज त्यांना नाव लावता येत नाही.

फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाने अकरा दिवसांत पृथ्वीच्या मोठ्या भूभागाची उंची रडारने मोजली होती. उंचीचे असंख्य नकाशे आजही त्याच मोजणीवर काढले जातात. त्या मोजणीत उलव्याची टेकडी पूर्ण उंचीने उभी आहे. आणि तरघर हे नाव आता उपनगरी रेल्वेच्या एका स्थानकाला आहे.